महाडच्या मांडवातले भाषण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात महाडच्या सत्याग्रह परिषदेवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेत केलेल्या भाषणाचा त्यात जेमतेम चार ओळींत उल्लेख होता. पत्रे मात्र जवळजवळ सगळी त्या चार ओळींवरच आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला परिषदेतील लोक रांगेने तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्यांवर हल्ला करण्यात आला आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांची १०८ मडकी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा जमायचे ठरले, आणि त्या दुसऱ्या परिषदेतले हे भाषण आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीच्या वर्गात हे भाषण मोठ्याने वाचून दाखवावे असे ठरवले, तेव्हा अंगावर काटा आणणारे काहीतरी वाचायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिली दोन पाने एखाद्या वकिलाच्या निवेदनासारखी निघाली. तरीही वाचता वाचता एका जागी माझा आवाज बसला आणि मला थांबावे लागले. भाषणात रडवणारे एकही वाक्य नसताना असे का व्हावे? — एक शिक्षिका, माणगाव

आपला आवाज नेमका कोठे बसला हे आपण लिहिलेले नाही, पण माझा अंदाज सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला दहा-बाराजण जमून एखादा जुना मजकूर मोठ्याने वाचतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे भाषण घेतले होते. वाचणारे गृहस्थ निवृत्त तलाठी, आवाज रुक्ष, हेल काढण्याची सवय अजिबात नाही. सुरुवातीला आलेल्यांचे आभार, मग मार्चमधल्या घटनेची आठवण, हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाल्याची नोंद, आणि त्यानंतर तळे सार्वजनिक मालकीचे आहे हा मुद्दा, असे एकामागून एक येते. येथवर ऐकणारे शांत होते. मग तो उपरोधाचा परिच्छेद आला.

महाडचे स्पृश्य लोक किती समंजस आहेत पाहा, असे म्हणून बाबासाहेब यादीच देतात. ते स्वतः तळ्याचे पाणी भरतात आणि इतर धर्मांच्या लोकांनाही भरू देतात. पशुपक्ष्यांना ते अडवत नाहीत. इतकेच काय, अस्पृश्यांनी पाळलेल्या जनावरांनाही तेथे पाणी पिण्याची मुभा आहे. आपल्या घासातले चार दाणे कावळ्याला घालण्याइतके हे लोक उदार आहेत, सापासारख्या जीवालाही मारत नाहीत, सर्वांभूती एकच आत्मा आहे असे मानतात. वाचनालयात कावळ्यापाशी लोक हसले, सापापाशीही हसले, आणि पुढच्याच वाक्यात, अशा या दयाळू लोकांनी आपल्याच धर्मातल्या काही माणसांना तेवढी बंदी का करावी, हा प्रश्न आला, तेव्हा हसणे मध्येच कापल्यासारखे थांबले. अस्पृश्याच्या बैलाला पाणी मिळते आणि कासरा धरणाऱ्याला मिळत नाही, हे चित्र बाबासाहेब रंगवीत बसत नाहीत. ते आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते आपण स्वतः जुळवलेले असल्यामुळे झटकता येत नाही.

माझ्या मते भाषणाची ताकद या संयमातच आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींनी मार्चमध्ये मार खाल्लेला असणार. त्यांच्या जखमांचे वर्णन करून टाहो फोडायला लावणे कोणाही वक्त्याला सहज जमले असते. बाबासाहेबांकडे स्वतःची सामग्रीही कमी नव्हती. १९०१ च्या उन्हाळ्यात, नऊ-दहा वर्षांचे असताना, ते भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन मिळाला तो गाडीत त्यांच्याबरोबर बसेना, आणि डबा सोबत असूनही पाणी न मिळाल्यामुळे मुलांनी ती रात्र उपाशी काढली. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी प्यायला मिळे. शिपाई नसला की तहान तशीच. तहानेवर बोलण्याचा एवढा अधिकार असलेला हा माणूस पाण्याच्या सभेत आपल्या तहानेविषयी अवाक्षर काढत नाही.

आणि मग ते वाक्य येते, जेथे बहुधा आपण थांबला असाल. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होऊ असे काही नाही, आजवर ते प्यायलो नव्हतो म्हणून काही मेलो नव्हतो. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. पाणी हा येथे दाव्याचा विषय उरतच नाही. जो माणूस हक्काची भाषा बोलतो, त्याची कीव करता येत नाही; ऐकणाऱ्याला ताठ बसावे लागते. सभेतल्या लोकांना त्यांनी गृहस्थ म्हणून संबोधले, त्यांच्यापुढे मुद्देसूद युक्तिवाद केला, प्रतिपक्षाच्या हरकती मांडून त्या खोडून काढल्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त हुकूम ऐकायची सवय होती, त्यांच्याशी कोणीतरी पुरावे देऊन बोलत होता. आपल्या नववीच्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. फक्त तो उपरोधाचा परिच्छेद वाचताना आवाजात उपरोध आणू नये. सपाट वाचावा. आमच्या तलाठीबुवांनी वाचला तसा.

प्रश्न : समोर बहुतांश निरक्षर खेडूत बसलेले असताना फ्रान्सची राज्यक्रांती, सोळावा लुई, व्हर्साय असल्या गोष्टी सांगण्यात काय हशील होते? हा भाग छापण्यासाठी म्हणून नंतर वाढवलेला असावा, असे मला वाटते. — एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

वाढवलेला असावा हा आपला तर्क मला पटत नाही, कारण त्याच परिषदेत मंजूर झालेला पहिला महत्त्वाचा ठराव म्हणजे हिंदुमात्रांच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा होता आणि तो सरळसरळ १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याच्या धर्तीवर बेतलेला होता. भाषणात फ्रान्स आला नसता तर तो ठराव आकाशातून पडल्यासारखा वाटला असता.

दुसरे म्हणजे, श्रोते अगदीच अनभिज्ञ होते असे समजण्याचे कारण नाही. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची कुटुंबे ठिकठिकाणी होती. बाबासाहेबांचे वडीलही त्याच परंपरेतले, आणि दापोलीसारख्या गावी या लोकांची मोठी वस्ती होती. पलटणीत लिहिणे-वाचणे शिकलेली, मुलुख पाहिलेली ही माणसे होती. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत काम करणारेही पुष्कळ आले होते. परिषदेची पहिली जुळवाजुळव ज्यांनी केली ते रामचंद्र बाबाजी मोरे याच भागातले तरुण कार्यकर्ते होते.

तरी आपला मुद्दा थोडा बाजूला ठेवून मांडवाकडे पाहू. मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने २५ तारखेला दासगाव बंदरात उतरली आणि तेथून सुमारे पाच मैल चालत महाडला आली. सभेला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, म्हणून फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर मांडव घालावा लागला. महाडचे व्यापारी माल विकणार नाहीत हे ठाऊक असल्याने धान्यधुन्य बाहेरून आणून साठवले होते. मांडवात एकच तसबीर होती आणि ती गांधीजींची होती, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या पाच-सात वर्षांत गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात किती तीव्र मतभेद झाले ते आपण जाणतोच. अशा मांडवात उभे राहून बाबासाहेब म्हणतात की, या सभेला हिंदुस्थानच्या इतिहासात जोड सापडत नाही, ती शोधायची तर फ्रान्समध्ये जावे लागेल, १३८ वर्षांपूर्वी राजाने बोलावलेल्या प्रतिनिधींच्या सभेपर्यंत. ज्यांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्यांची सभा व्हर्सायच्या सभेच्या पंगतीला बसवली गेली. लुई कितवा हे कोणाच्या ध्यानात राहिले नसेलही. आपण कोणत्या पंगतीला बसलो हे मात्र माणूस विसरत नाही.

फ्रान्सचा दाखला केवळ गौरवासाठी दिलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्या क्रांतीत रक्त सांडले, अशी तिची नालस्ती इतिहासकारांनी केली आहे, याची दखल बाबासाहेब घेतात आणि उत्तर देतात की, आमचे काम शांततेचेच आहे, पण ते शांततेने पार पडेल की नाही हे आमच्याइतकेच आमच्या विरोधकांच्या वागण्यावरही अवलंबून राहील. धमकी न देता दिलेला इशारा कसा असतो, याचा हा नमुना आहे.

प्रश्न : आमचे घराणे मूळचे महाडचे. त्या वेळी आमचे पणजोबा कोणत्या बाजूला होते हे घरात उघड बोलले जात नाही, म्हणजेच सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मी आजोबांकडून ऐकले आहे की, “त्यांना पाणीच हवे होते तर वेगळी विहीर खोदून दिली असती, एवढा तंटा कशाला?” भाषण वाचल्यावर हे वाक्य मला सारखे टोचत राहिले आहे. मला शरम वाटते, पण त्या शरमेचे करायचे काय हे कळत नाही. — एक वाचक, पुणे

आपल्या आजोबांचे वाक्य त्या काळी पुष्कळांच्या तोंडी होते आणि ते बोलणारे स्वतःला कनवाळू समजत असत. वेगळी विहीर, वेगळी शाळा, वेगळा बाक, अशी तडजोड सुचवणारा माणूस भांडखोर नसतो. त्याला फक्त शांतता हवी असते. भाषणात याच माणसाला उत्तर दिलेले आहे. आम्ही केवळ पाणी प्यायला तळ्यावर जात नाही, असे म्हटले की, वेगळ्या विहिरीचा प्रस्ताव आपोआप निरुत्तर होतो. तळे सार्वजनिक, म्हणजे नगरपालिकेचे, म्हणजे सर्वांचे. त्यात एकाला वगळून बाकीच्यांना सर्व म्हणता येत नाही.

सगळे महाड एकाच बाजूला होते असेही नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस म्हणजे सुरबानाना आणि अनंतराव चित्रे हे तिथले स्पृश्य कार्यकर्ते परिषदेच्या उभारणीत होते, आणि २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. आपल्या पणजोबांना दुसरा मार्ग दिसतच नव्हता, असे म्हणून त्यांची सुटका करता येत नाही, हे यावरून कळेल. हे कठोर वाटल्यास क्षमा असावी, पण आपण प्रामाणिकपणे विचारले आहे.

मला स्वतःला मात्र भाषणातला दुसराच भाग अधिक अडचणीचा वाटतो. पाणवठ्यावरची बंदी उठली, शाळा-देवळे खुली झाली, तरी अस्पृश्यता जाणार नाही, फार तर ती दाराबाहेरून ओसरीपर्यंत सरकेल, असा त्या भागाचा रोख आहे. तिचे मूळ बेटीबंदीत आहे आणि मिश्र विवाह सुरू झाल्याखेरीज समता आली असे म्हणता येणार नाही, हे बाबासाहेबांनी १९२७ साली, पाण्याच्या सभेत, स्पष्टपणे सांगितले. चवदार तळ्याचे वाक्य आज फलकांवर असते, व्याख्यानांत असते. बेटीबंदीचा परिच्छेद फारसा कोणी उद्धृत करत नाही. आमच्या याच मासिकाच्या शेवटच्या पानावर वधू-वरांच्या जाहिराती असतात. त्यांतला पहिला शब्द कोणता असतो ते आपण पाहावे. संपादक मंडळात आम्ही हा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा उत्पन्नाच्या मुद्द्यावर तो मिटवला, हे कबूल करून टाकतो. तेव्हा शरमेचे काय करावे, हे सांगण्याच्या स्थितीत मी नाही.

प्रश्न : एवढे भाषण करून, एवढे लोक जमवून शेवटी सत्याग्रह तहकूबच केला. मग भाषणाचा परिणाम झाला असे कशाच्या आधारे म्हणायचे? — कायद्याचा एक विद्यार्थी, ठाणे

कायद्याचा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, याची मला गंमत वाटली, कारण तहकुबीचे कारण न्यायालयाचा हुकूमच होते. तळे आमच्या खासगी वहिवाटीचे आहे, असा दावा महाडच्या काही स्पृश्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल केला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेची तारीख तोवर ठरून गेली होती आणि लोक वाटेला लागले होते.

२५ तारखेचे भाषण झाल्यावर लोक माघार घेण्याच्या मनःस्थितीत मुळीच नव्हते. २६ तारखेला चर्चेत उठणारा जवळजवळ प्रत्येकजण तुरुंगात जायला तयार होता आणि सत्याग्रहासाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. हे आकडे ऐकून कोणत्याही पुढाऱ्याला मोह झाला असता. बाबासाहेबांनी मात्र, या हुकुमामुळे आपली लढाई सरकारशी जुंपावी हाच प्रतिपक्षाचा डाव आहे, हे ओळखले आणि २७ तारखेला सत्याग्रह पुढे ढकलण्याचा ठराव सभेकडून मान्य करून घेतला. ज्या तोंडाने पेटवले त्याच तोंडाने दोन दिवसांत आवरून धरणे, आणि तेही लोकांचा विश्वास न गमावता, ही त्या भाषणाच्या परिणामाची मला दिसलेली सर्वांत मोठी खूण आहे. केवळ चेतवले गेलेले लोक दोन दिवसांनी असे आवरत नाहीत. पटवून दिलेले लोक आवरतात.

त्यानंतर जे घडले ते मी कधी विसरू शकत नाही, जरी ते फक्त वाचलेले आहे. हजारो लोकांची मिरवणूक निघाली, गावातून तळ्यापर्यंत गेली, तळ्याला वळसा घालून परत आली, आणि एकानेही पाण्याला हात लावला नाही. डिसेंबरची थंडी असली तरी कोकणात दुपारी ऊन लागते. पाणी पायरीच्या अंतरावर, मागे मार्चमधल्या माराची आठवण, आजूबाजूला खिडक्यांतून पाहणारे गाव. पिण्याचा हक्क सांगायला आलेल्यांनी त्या दिवशी पाणी न पिऊन आपली शिस्त दाखवली.

दावा पुढे खालच्या न्यायालयांतून फिरत मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासून चालत आलेली रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरवले. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. तळ्यावरच्या पहिल्या ओंजळीला त्या दिवशी दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. निकाल आपण मुळातून वाचावा. भाषणाच्या सुरुवातीचा ‘तळे सार्वजनिक आहे’ हा कोरडा मुद्दा किती विचारपूर्वक तेथे ठेवला होता, हे मग लक्षात येईल.

प्रश्न : माझ्या मुलीला येथील शाळेत दरवर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ चे भाषण शिकवतात. तिला महाडविषयी सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग ते आपण ऐकू का शकत नाही?” किंग यांच्या भाषणाला जगभर जे स्थान मिळाले ते महाडच्या भाषणाला का मिळाले नाही? — एक वाचक, न्यू जर्सी

मुलीच्या प्रश्नात निम्मे उत्तर आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापुढे सुमारे अडीच लाख लोक होते, कॅमेरे होते, आणि देशभर दूरचित्रवाणीवरून ते भाषण दिसत होते. महाडच्या मांडवात बाबासाहेबांचा आवाज टिपून ठेवणारे काही नव्हते. उरला तो बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकात छापलेला मजकूर, आणि तोही मराठीत. आवाज कानात बसतो. छापील मजकूर वाचण्यासाठी वेळ काढावा लागतो.

दोन भाषणांत साम्य आहे, पण ते लोकांना वाटते तेथे नाही. किंग यांच्या स्वप्नाचा भाग सर्वांना पाठ असतो. त्याच्या आधी ते एका न वटलेल्या धनादेशाची गोष्ट सांगतात, अमेरिकेने आपल्या काळ्या नागरिकांना दिलेला हा धनादेश पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत आला आहे, असे म्हणतात. हा हिशेबाचा, कागदपत्राचा युक्तिवाद महाडच्या नगरपालिकेच्या तळ्याजवळचा आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात. किंग हे धर्मोपदेशक होते. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून स्वप्नाबद्दल सांगा म्हटले आणि ते हातातला कागद सोडून बोलू लागले. बाबासाहेब स्वप्न रंगवत नाहीत. ते काम नेमून देतात.

दोन्ही लढ्यांना जोडणारा एक धागा मुलीला जरूर सांगावा. १९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतले साम्य कळवले होते व संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तरही दिले. हे डू बॉइस किंग यांच्या भाषणाच्या आदल्या दिवशी घाना देशात वारले आणि त्यांच्या मृत्यूची बातमी वॉशिंग्टनच्या त्याच सभेत व्यासपीठावरून सांगण्यात आली.

प्रश्न : माझी आजी सांगत असे की, तिची सासू महाडच्या सभेला गेली ती परत आली तेव्हा लुगडे वेगळेच नेसून आली, आणि घरच्या पुरुषांनी तिला आधी ओळखलेच नाही. पण आपण छापलेल्या टिपणात किंवा भाषणात लुगड्याचा उल्लेख कोठेही नाही. आजीने दुसऱ्याच सभेची गोष्ट यात मिसळली असेल का? — एक वाचक, पोलादपूर

आजींची आठवण पक्की आहे. चूक आमच्या टिपणाची आहे. २५ तारखेच्या भाषणाइतकेच महत्त्वाचे दुसरे एक भाषण २७ तारखेला झाले आणि ते खास स्त्रियांसाठी होते. त्यात फ्रान्स नाही, कायदा नाही. तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही कोण ते लांबून ओळखू येते, ती ओळख पुसून टाका, असे बाबासाहेबांनी सांगितले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चांदीच्या किंवा कथलाच्या गोठ-पाटल्या ही हौस नसून अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती सोडा. लुगडे इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला वा मुलाला जेवायला वाढू नका. मुलींना शाळेत घाला. वरच्या जातींच्या बायकांसारखी नेसण कशी करायची ते चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी तेथेच दाखवून दिले, आणि कित्येकजणी मांडवातून नव्या नेसणीत घरी गेल्या.

मोठ्या भाषणाचा परिणाम मोजायला दहा वर्षे आणि उच्च न्यायालय लागले. या छोट्या भाषणाचा परिणाम त्याच संध्याकाळी पोलादपूरच्या वाटेवर चालत गेला असणार, आणि घरच्या दारात तो ओळखूही आला नाही. या भाषणाविषयी आम्ही एक ओळही छापली नव्हती, याबद्दल दिलगीर आहोत.

गळ्यातल्या सरी आणि हातातल्या गोठ-पाटल्या त्या काळी बायकांची एकुलती एक शिल्लक असे. आपल्या आजींच्या सासूबाईंनी त्या उतरवल्या का, आणि उतरवल्या असल्यास त्या मोडीत गेल्या, कोणाच्या शाळेच्या खर्चाला लागल्या की अजून एखाद्या पेटीच्या तळाशी आहेत, हे घरात कोणाला आठवत असेल तर जरूर कळवावे.